को खलुईला स्वस्तात जायचं असेल तर

१

बुरीरामच्या शाळेबाहेर मी भाजलेली केळी विकते. आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, की समुद्रावर स्वस्तात कसं जावं ते वान्दीला विचारावं. ऑक्टोबरची सुट्टी जवळ आली की बायका केळी घ्यायच्या निमित्ताने गाडीपाशी रेंगाळतात. माझा नवरा प्राचुआप त्यांना सांगतो, हिच्याकडून केळं फुकट मिळायचं नाही, सल्ला मात्र हवा तेवढा घ्या. बोलू दे त्याला. जन्मात समुद्र पाहिला तो माझ्याच चिकटपणामुळे.

तर ऐका. जायचं ते ऑक्टोबरच्या शेवटी. पाऊस सरत आलेला असतो, पण बँकॉकच्या लोकांच्या मनातून अजून गेलेला नसतो. त्यामुळे खोल्या ओस पडलेल्या असतात आणि भाव निम्म्यावर येतात. चंथाबुरीची रात्रीची बस धरायची, म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचतं. बोट सकाळची पहिली घ्यायची, कारण दुपारी समुद्र उसळतो आणि पोटात गेलेलं अन्न वाया जातं. समुद्र दिसणारी खोली मुळीच घ्यायची नाही. समुद्र बाहेर फुकट आहे, तो खिडकीतून बघायचे पैसे कशाला द्यायचे?

को खलुई बेटावर मी नेहमी किराणा दुकानाच्या वरची मागची खोली घेते. वर पत्रा, आत एक पंखा, भिंती प्लायवूडच्या. शेजाऱ्याने कूस बदलली तरी कळतं, पण झोपायला आणखी काय लागतं? खोलीत शिरताना दारावर टकटक करायची, हात जोडायचे आणि त्या जागेच्या न दिसणाऱ्या धन्याला सांगायचं, की थोडे दिवस राहून जाऊ, सांभाळून घ्या. हे तर कुठेही करायचंच.

आणखी एक सल्ला मी पूर्वी द्यायचे. पोरांचे पोहायचे कपडे नवे घेऊ नका, को खलुईच्या धक्क्याशेजारी पा ओय नावाची बाई जुन्या कपड्यांचा ढीग लावून बसते, तिथे घ्या. मागच्या सुट्टीत मी त्या ढिगातून नातीसाठी निळा सदरा काढला होता. लांब बाह्यांचा, छातीवर मासा असलेला, आणि बेतल्यासारखा तिच्या मापाचा. एकदा धुतला की नवाच, असं मी तेव्हा म्हणाले होते.

हा सल्ला मी आता देत नाही.

२

नात म्हणजे माप्रांग. सात वर्षांची. तिची आई कुंग माझी मुलगी, रायोंगला कारखान्यात कामाला आहे, म्हणून पोर आमच्याकडेच वाढली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. डोळे उघडले की बोलायला लागायची ती झोप लागेपर्यंत, आणि झोपेतही अधूनमधून. प्राचुआप म्हणायचा, हिला केळीच्या गाडीवर बसव, कर्णा घ्यायला नको.

मासळी दुकानातून घ्यायची नाही, हेही लक्षात ठेवा. सकाळी होड्या धक्क्याला लागल्या की सरळ टोपलीतून घ्यायची आणि खोलीच्या मालकिणीला तळून मागायची. चिकट भात आपण घरून नेलेला असतोच. त्या सकाळी मी एका कोळ्याशी भाव करत होते. माप्रांग निळा सदरा घालून धक्क्याच्या सगळ्यांत खालच्या, शेवाळलेल्या पायरीवर उभी होती. तिची बडबड चालू होती. मासे रात्री कुठे झोपतात, त्यांना पापण्या का नसतात, असलं काहीतरी. मोठी बोट वळली आणि तिची लाट पायऱ्यांवर चढली. लाटेचा आवाज मला आलाच नाही. बडबड थांबली, तेवढं मात्र कानाने टिपलं.

कोळ्याने वाकून सदऱ्याला धरलं आणि तिला वर ओढलं. पाण्यात ती फार वेळ नव्हती. खोकली, खारं पाणी ओकली, नाक पुसलं. रडली मात्र नाही. कोळी म्हणाला, काही झालं नाही, जरा मीठ जास्त पडलं इतकंच. मी त्याला हात जोडले आणि त्या दिवशी मासळीचा भाव केला नाही.

खोलीवर आणून तिला कोरडं केलं, सदरा खिडकीत वाळत टाकला. दिवसभर पत्र्यावर पाऊस वाजत राहिला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. दमली असेल, असं मी धरून चालले. परतीच्या बोटीत विचारलं, भूक लागली का? तिने माझ्याकडे पाहिलं. घरात दिवा जळतोय पण माणूस कुणी नाही, तसे डोळे होते.

३

घरी आल्यावरही तेच. घास तोंडात धरून बसायची, गिळायचं विसरून जायची. झोपायची ती डोळे अर्धे उघडे ठेवून. शाळेत बाईंनी हाक मारली तर उठून उभी राहायची आणि बसायला सांगेपर्यंत तशीच. प्राचुआप तिच्यासमोर बदकाचा आवाज काढायचा, पूर्वी यावर ती लोळून हसायची. आता त्याच्याकडे बघत बसायची, आणि शेवटी तोच गप्प व्हायचा.

मी दवाखान्यावर विश्वास ठेवणारी बाई आहे. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, सगळं स्वच्छ निघालं. भीती बसलीये, जाईल हळूहळू, म्हणाले. गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, पण पोर होती तशीच. रोज संध्याकाळी कुंगचा फोन यायचा. पडद्यावर आपल्या मुलीचा चेहरा बघून ती आधी गाणी म्हणायची, मग तिला रडू फुटायचं, मग ती फोन ठेवायची. मी तांदूळ निवडायला घ्यायचे, दोघींनी रडून कसं चालेल?

शेवटी माझी थोरली बहीण पी लामून आली; पी म्हणजे ताई. आमच्या आळीत बाळंतिणीपासून परदेशी जाणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मनगटाला दोरा बांधायचं काम तिचं. तिने माप्रांगचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"हिचा ख्वान पाण्यात राहिलाय," ती म्हणाली. "जा आणि घेऊन ये."

"गोळ्या देऊन झाल्या, पी."

"गोळ्या अंगाला झाल्या. अंगात राहणारं कुणी नाही, त्याचं काय करणार?"

आमच्याकडे असं म्हणतात, की माणूस जोरात दचकला की त्याचा ख्वान, म्हणजे अंगात राहणारा आत्मा, निसटतो, आणि जिथे निसटला तिथेच घुटमळत राहतो, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. मग घरच्या माणसाने मासे धरायची जाळी घेऊन जायचं, नावाने हाका मारायच्या आणि त्याला उपसून घरी आणायचं. मी हे मानते की नाही, ते कुणी विचारू नये. पाऊस येईल की नाही ते कुठे माहीत असतं? तरी वाळत घातलेली मिरची आपण आत घेतोच.

४

एकटीने जायचं असेल तर खोलीची गरज नाही. रात्रीच्या बसने जायचं, पहिल्या बोटीने उतरायचं, काम करायचं आणि दुपारच्या बोटीने निघायचं. डबा बरोबर. मी तसंच केलं.

जाळीत उकडलेलं अंडं, केळं आणि भाताचा गोळा ठेवला. त्यावर ज्याचा ख्वान त्याचा कपडा पसरायचा असतो. मी निळा सदरा नेला होता. बुडाली तेव्हा तोच अंगात होता, त्यामुळे दुसरा कुठला न्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. मी खालच्या पायरीवर बसून पाण्यात जाळी फिरवली आणि हाका मारल्या. "माप्रांग, चल गं, घरी चल. भात गार होतोय. ता वाट बघतायत तुझी." ता म्हणजे तिचे आजोबा. धक्क्यावरचे कोळी हसले नाहीत. एकाने उलट आपली होडी जरा बाजूला घेतली.

जाळी वर ओढली तेव्हा जड लागली. कपडा भिजला की जड होतोच. मी ती पंच्यात गुंडाळली, मांडीवर घेतली आणि सांगितल्याप्रमाणे घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलले नाही, मागे वळून पाहिलं नाही. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, बाळ आहे का? मी नुसती मान हलवली. तिने असं का विचारलं असेल ते नंतर पुष्कळदा माझ्या मनात येऊन गेलं.

घरी पी लामून दोरा घेऊन तयार होती. तिने सदरा माप्रांगच्या खांद्यावर टाकला, ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून उजव्या मनगटावर पांढरा दोरा बांधला, तोंडातल्या तोंडात म्हणायचं ते म्हणाली. माप्रांगने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"मला भूक लागलीये," ती म्हणाली.

प्राचुआप स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत रडला. मी तिथेच रडले.

५

त्यानंतर पोर भराभर सुधारली. गाल भरले, रंग आला. सगळं ताटातलं संपवू लागली, शाळेतून धावत येऊ लागली. पूर्वीइतकी बोलत नसे, पण मी म्हटलं, इतक्या आजारातून उठली आहे, जीभही दमते माणसाची.

पहिल्यांदा लक्षात आलं ते प्राचुआपच्या. "ही चपला का आपटते गं?" त्याने विचारलं.

मग मीही कान दिला. बाहेरून आली की ती पायरीशी थांबायची, चपला काढायची, दोन्ही एकमेकींवर फट्‌ फट्‌ आपटायची आणि मग पायरीवर ओळीने मांडून ठेवायची, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. पूर्वी तिची एक चप्पल दारात तर दुसरी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडायची. शिस्त आली म्हणून मला बरंच वाटलं. पण आपटायचं कारण काय? समुद्रकाठची माणसं तशी आपटतात, वाळू झाडायला. आमच्याकडे चिखल आहे, धूळ आहे, वाळू कुठे आहे?

म्हटलं, बेटावर पाहिलं असेल कुणाला. पोरं माकडं असतात, बघतील ते करतात.

मग भाताचं. आमच्याकडे चिकट भात हाताने खातात. मूल बसायला लागलं की भाताची गोळी वळायला शिकतं. माप्रांग चमचा मागू लागली. मी तिच्या हातात भात दिला तर तो बोटांना चिकटवून घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली, काय करायचं ते मी दाखवेन म्हणून. मी दाखवलं. ती पटकन शिकलीही. मी स्वतःला सांगितलं, पाण्याने डोकं जरा बधिर झालं असेल, आठवेल एकेक. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, मुलं महिन्या महिन्याला बदलतात, तुम्ही मोजत बसू नका.

पण पाठीमागून तिचं नाव घेतलं तर ती वळत नसे. समोर उभं राहून माप्रांग म्हटलं की लगेच बघायची, हसायची. पाठमोरी असताना मी हाक मारली, मोठ्याने मारली, पुन्हा मारली, तरी ती आपली चपला मांडण्यात गुंग. शेजारच्या कुणाला तरी हाक मारताहेत, आपल्याला काय त्याचं, असा तिचा आव.

पायरीवरचा तो फट्‌ फट्‌ आवाज मला नकोसा झाला. दुपारी गाडीवर केळी उलटताना मी शाळा सुटायची वाट पाहायचे, आणि शाळा सुटली की घरी जायला पाय उचलायचे नाहीत. स्वतःच्या नातीची भीती वाटते, हे मी कुणाला सांगणार होते?

६

कुंगने एका संध्याकाळी फोनवर मुलीला विचारलं, येताना तुला काय आणू? माप्रांगने दोन्ही हात जोडले, परक्या मोठ्या माणसाला करावा तसा वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काही नको. तुम्ही जेवलात का?"

कुंग हसली. मग तिचा आवाज चिरकला. जेवले बाळा, म्हणाली, आणि फोन ठेवला.

माप्रांग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "याय, त्या बाई का रडत होत्या?"

याय म्हणजे आजी. मला ती याय म्हणायची, अगदी गोड म्हणायची. मी फोन फळीवर ठेवला. चपला घातल्या आणि तडक पी लामूनच्या घरी गेले.

तिने सगळं ऐकून घेतलं. पान चघळता चघळता एकच विचारलं, की जाळीवर कुठला कपडा टाकला होतास?

"निळा सदरा. बुडाली तेव्हा होता तोच."

"तिचाच ना?"

"तिचाच म्हणजे काय, मीच घेऊन दिला. पा ओयच्या ढिगातून, पाण्याच्या भावात."

पी लामूनचं पान तोंडात थांबलं. "किती दिवस घातला होता तिने?"

"दिवस कुठले? त्याच सकाळी अंगावर चढवला होता."

"वान्दी," ती म्हणाली, "ख्वान आपल्या अंगाच्या वासावर येतो. त्या सदऱ्याला कुणाचा वास होता?"

 जुने कपडे घालून आमच्या चार पिढ्या वाढल्या, त्यात वाईट काय, असं मी पुटपुटले. घालण्यात वाईट काहीच नाही, ती म्हणाली, बोलावण्यात आहे. मग तिने कपाटातून दोऱ्याचा गुंडा काढला आणि सांगितलं. माप्रांगचा शाळेचा सदरा घे, रोज अंगावरचा, न धुतलेला. या वेळी पोरीला बरोबर ने. आपली माप्रांग अजून तिथेच असणार. तिला उपसून घे, पण नवा दोरा बांधायच्या आधी जुना काप.

"एका अंगाला एकच दोरा," ती म्हणाली. "विसरू नकोस."

"आणि ही?"

"ही तिच्या घरी जाईल."

७

थंडीत को खलुईला जाऊ नका. समुद्र शांत असतो, पण सगळा देश तिथे लोटतो आणि दुकानावरच्या खोलीलाही राजवाड्याचा भाव येतो. मला काय, खोली घ्यायचीच नव्हती. पिशवीत जाळी, शाळेचा सदरा, दोरा आणि कात्री.

माप्रांग खुशीत होती. बोटीत मी कडेच्या बाकावर बसले तर तिने माझा हात ओढला. "याय, तिकडे नको, भिजशील. इकडे ये." मी सरकले. बोट खडकाला वळसा घालून वळली आणि माझा मघाचा बाक पाण्याने निथळला. ती या आधीही आली होती बोटीतून, बसलं असेल डोक्यात, असं मी म्हटलं. पण मागच्या वेळी आम्ही दोघी आत, इंजिनाजवळ बसलो होतो, आणि हे मला ठाऊक होतं.

धक्क्यावर पा ओय आपल्या ढिगामागे होती. मी सदऱ्याची गोष्ट काढली. निळा, छातीवर मासा. तुमचे कपडे येतात कुठून? बहुतेक सीमेवरच्या बाजारातून, गठ्ठ्याने, ती म्हणाली. पण तो इथलाच, त्या शाळेमागच्या घरातला. ती माणसं बेट सोडून गेली तेव्हा कपडे माझ्याकडे टाकून गेली.

"त्यांना मुलगी होती?"

पा ओयने एक विजार झटकली, घडी घातली, आणि तीच घडी मोडून पुन्हा घातली. "होती," ती म्हणाली. मग विषय बदलून विचारलं, की नातीला काही दाखवू का?

माझ्या शेजारी कुणी नव्हतं.

मी गल्लीत शिरले. हाक मारून उपयोग नाही हे एव्हाना कळलेलं, म्हणून नुसती चालत राहिले, नारळाच्या वाळत घातलेल्या करवंट्यांवरून, कुणाच्या तरी ओल्या कपड्यांखालून. मग तो आवाज आला. फट्‌ फट्‌. दर वेळी नकोसा वाटणारा तो आवाज ऐकून त्या दिवशी मला हायसं वाटलं.

शाळेमागे लाकडी घर होतं, खाली खांब, वर जिना. दाराला साखळी. पाण्याचा मोठा रांजण पालथा घातलेला. ओसरीच्या फळ्यांतून गवत वर आलं होतं. माप्रांगच्या चपला सगळ्यांत खालच्या पायरीवर नीट मांडलेल्या होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला, आणि ती वर दाराला हात लावून उभी होती. साखळी ओढत नव्हती. आतून कुणी उघडेल म्हणून थांबली होती.

"आत कुणी नाहीये, बाळा."

"याय," ती म्हणाली, "हे लोक कधी येणार?"

"कोण लोक?"

तिने बराच विचार केला. भुवया जवळ आल्या, ओठ हलले, पण नाव आलं नाही. "मला वाटलं तुला माहीत असेल," ती म्हणाली.

दुपारभर आम्ही त्या जिन्यावर बसलो. मी तिला भात भरवला. तिला खाली चल म्हणायचं धैर्य मला होत नव्हतं आणि बोटीची वेळ जवळ येत होती.

८

ऊन कलल्यावर आम्ही धक्क्यावर आलो. होड्या गेलेल्या, पाणी संथ. तिला मी वरच्या कोरड्या पायरीवर बसवलं. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून ती बसली, दवाखान्यात बसतात तशी. मी खालच्या पायरीवर उतरले, जाळीवर शाळेचा सदरा पसरला आणि पाण्यात फिरवू लागले.

"माप्रांग, चल घरी. याय आली आहे."

वर बसलेलीने मान वळवली नाही.

मी वाकून पुन्हा हाक मारली. पाण्यात माझा चेहरा दिसत होता, सुरकुत्यांसकट. त्याच्या शेजारी आणखी एक चेहरा होता. वरच्या पायरीवरचं मूल तिथे दिसणं शक्य नव्हतं, ते माझ्या बरंच मागे होतं. हा चेहरा पाण्याच्या खालून वर बघत होता आणि त्याचं तोंड चालू होतं. भराभर, न थांबता, श्वास न घेता ते काहीतरी सांगत होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. असं किती दिवस बोलत होती पोर, आणि कुणाशी?

मी जाळी उचलली. जड होती. मी ती छातीशी धरली, माझ्या सदऱ्याच्या घोळाने झाकली आणि वर गेले. कात्री काढली.

तिने न सांगता उजवा हात पुढे केला. "दुखेल का?"

"नाही."

"मग मी कुठे जाऊ?"

पी लामून म्हणाली होती, ही तिच्या घरी जाईल. पी लामूनने ती साखळी पाहिली नव्हती. त्या पोरीने माझ्या हातचा भात खाल्ला होता, माझ्या शेजारी झोपली होती, भिजशील म्हणून मला बाकावरून उठवलं होतं. आणि माझी स्वतःची पोर जाळीत निथळत होती. मला दोघींचीही माया आली, आणि मायेत माणूस सांगितलेलं विसरतो. मी कात्री पिशवीत टाकली. शाळेचा सदरा तिच्या खांद्यावर घातला आणि नवा दोरा डाव्या मनगटाला बांधला. गाठ मारली, वर आणखी एक मारली.

तिने पापण्या मिटल्या. उघडल्या.

"—आणि पापण्या नसतात तर वाळू नाही का जात डोळ्यांत? याय, तू मासे घेतलेस का? मला थंडी वाजतेय, माझ्या चपला कुठे आहेत, ता आले नाहीत का, आई कधी येणारे, याय, तू रडतेस कशाला?"

मी तिला कवटाळलं. तीच होती. तिचाच भोंगा, तिचीच घाई. माझ्या खांद्यावरून ती बोलतच होती, आणि बोलता बोलता थांबली. मी तिला जरा दूर धरून पाहिलं. ती आपल्या उजव्या मनगटावरच्या मळलेल्या दोऱ्याकडे बघत होती.

"याय, ही कोण आहे?"

 तेवढ्यात त्याच तोंडाने, शांत आवाजात, मोठ्या माणसाशी बोलावं तसं उत्तर दिलं.

"मी आधी आले होते."

बोटीने भोंगा दिला. मी तिला उचलून घेतलं आणि बोटीत गेले, आत इंजिनाजवळ बसले. माप्रांग माझ्या अंगाला टेकून बडबडत होती, डोळे मिटत आले होते, आवाज जड होत होता. मी हुंकार देत होते. मग मांडीवरचे तिचे हात मला दिसले. डावा सैल पडला होता, झोपेत पडतो तसा. उजवा जागा होता. त्याची बोटं डाव्या मनगटावरचा नवा दोरा चाचपत होती, सावकाश, गाठ कुठे आहे ते शोधत. मी त्या गाठीवर तळहात दाबून धरला आणि बोट धक्क्यापासून सुटायची वाट पाहत बसले.